जुन्या गोव्यात शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकांना खुले पत्र

प्रिय सर, प्रिय बाई,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलीची बोलणी सुरू होतात. कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी आणि आमच्या सिंधुदुर्गातल्या कितीतरी शाळांच्या यादीत गोवा असतोच. पहाटे बस सुटते. मंगेशी, शांतादुर्गा, मग जुनं गोवं, मग मिरामार, आणि संध्याकाळी मांडवीतली बोट. एवढ्या गर्दीत जुन्या गोव्याच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास येतो. मुलं बॉम जीझस चर्चच्या रांगेतून पुढे सरकतात, संत झेवियरची शवपेटी मान वर करून बघतात, बाहेर येऊन टोप्या घेतात आणि बसमध्ये चढतात. फार तर समोरच्या से कॅथेड्रलमध्ये एक फेरी होते. मी पंचवीस वर्षं चित्रकला शिकवली आणि पहिल्या तीन सहली अगदी अशाच नेल्या. त्या तीन वर्गांचं मी देणं लागते असं मला आजही वाटतं, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

माझं मागणं एकच आहे. से कॅथेड्रलच्या पाठीला पाठ लावून, पश्चिमेकडे तोंड करून सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च उभं आहे. त्याला लागून फ्रान्सिस्कन, म्हणजे या संत फ्रान्सिसच्या संप्रदायातल्या, साधूंचा जुना मठ आहे आणि त्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. मुलांना तिथे न्या आणि निदान दीड तास द्या. दुसरा एखादा कार्यक्रम गाळावा लागला तरी चालेल.

मला स्वतःला ही जागा एका मुलीमुळे दिसली. चौथ्या वर्षी बॉम जीझसची रांग पार रस्त्यापर्यंत आली होती, म्हणून वेळ काढायला आम्ही रस्ता ओलांडून या चर्चकडे वळलो. सातवीचा वर्ग होता. सगळी मुलं गलका करत आत शिरली आणि एक मुलगी उंबऱ्यातच थांबली. मी म्हटलं, "अगं चल ना." तर ती खाली बघत म्हणाली, "बाई, पाय कुठे ठेवू?"

मी खाली पाहिलं. दारापासून थेट आतल्या वेदीपर्यंतची सगळी जमीन म्हणजे थडग्यांच्या शिळा होत्या. एकीला चिकटून दुसरी, दुसरीला चिकटून तिसरी, आपल्याकडे शहाबादी फरशी बसवतात तशा. प्रत्येकीवर पोर्तुगीज अक्षरं, कुणाकुणावर घराण्याची ढाल, ढालीच्या माथ्यावर शिरस्त्राण, शिरस्त्राणाभोवती पानांच्या वेलांट्या. चारशे वर्षांच्या पावलांनी काही अक्षरं पार गुळगुळीत झालेली. त्या मुलीने चपला काढून हातात घेतल्या आणि दोन शिळांच्या मधल्या सांध्यावरून, बांधावरून चालावं तशी तोल सावरत ती आत गेली. मध्येच एका शिळेपाशी उकिडवी बसली आणि ढालीवरच्या प्राण्याच्या आयाळीवरून हवेतल्या हवेत बोट फिरवू लागली. शिळेला तिने हात लावला नाही. मी तिला काही शिकवलं नव्हतं. आपण मोठी माणसं ज्यावरून तरातरा चालत गेलो, तिथे कुणीतरी निजलेलं आहे हे तिला पहिल्या पावलाला कळलं होतं.

त्या दिवशी आम्ही मिरामारला गेलोच नाही. पुढच्या प्रत्येक सहलीत मी याच दारापासून सुरुवात केली. जे मुलांना सांगत आले ते तुम्हालाही सांगते, म्हणजे तुम्हाला मुळापासून शोधाशोध करावी लागणार नाही.

सुरुवात दाराबाहेरच करा. आत घाईने शिरू नका. समोरची भिंत साधी आहे, पांढरी, दोन्ही अंगांना अष्टकोनी मनोरे. त्या साधेपणात मधला दरवाजा मात्र वेगळ्याच घराण्यातला आहे. गडद दगडाची नक्षीदार चौकट, माथ्यावर तीन पाकळ्यांची कमान, आणि दोन अंगांना कड्यांचे गोल. मुलांना विचारा, हे गोल कसले असतील? कुणी चेंडू म्हणेल, कुणी पृथ्वी म्हणेल. ते आकाशाचे गोल आहेत. ग्रह-ताऱ्यांच्या वाटा कड्यांनी दाखवणारं एक यंत्र असे, त्याची ती आकृती. पोर्तुगालचा राजा मानुएल याने ती आपली खूण म्हणून घेतली होती. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला तो याच राजाच्या अमलात. समुद्रावरून आलेल्या पैशाच्या आणि अभिमानाच्या जोरावर त्या काळात दगडात दोरखंड, गाठी, पोवळी कोरण्याची जी शैली आली तिला राजाच्या नावावरून मानुएलाइन म्हणतात. जुन्या गोव्यात तिच्या खुणा अगदी थोड्या ठिकाणी उरल्या आहेत. जवळच्या टेकडीवरचं रोझरी चर्च हे असंच आणखी एक ठिकाण.

आता या दरवाजाची गंमत बघा. आठ फ्रान्सिस्कन साधू १५१७ साली गोव्यात आले. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा जिंकून तेव्हा सातच वर्षं झाली होती. मरण पावलेल्या एका मुसलमान गृहस्थाची काही घरं त्यांना गव्हर्नरकडून मिळाली. त्या घरांतच त्यांनी तीन वेद्या मांडून छोटंसं प्रार्थनास्थळ केलं. मग १५२१ साली पवित्र आत्म्याच्या नावाने चर्च बांधलं. राजा मानुएल वारला तेही त्याच वर्षी. पुढे ते चर्च पाडून १६६१ साली आजचं चर्च उभं राहिलं. बांधणाऱ्यांनी सगळं उतरवलं, दरवाजा तेवढा ठेवला. आपल्याकडे जुनं घर पाडून नवं बांधताना आजोबांची कोरीव चौकट जपून ठेवतात आणि नव्या भिंतीत बसवतात, अगदी तसं. कोकणातल्या मुलांना हे सांगितलं की लगेच पटतं, कारण निम्म्या मुलांच्या घरी ते घडलेलं असतं.

भिंती कशाच्या आहेत हेही विचारा. चुन्याच्या गिलाव्याआत जांभा आहे, आपल्या घरांचा तोच चिरा. जांभ्यावर बारीक नक्षी धरत नाही, तो भोकं-भोकं असतो आणि पावसात झिजतो, म्हणून अंगाला चुना आणि जिथे कोरायचं तिथे दुसरा दगड. हे एवढं ज्याला कळलं त्याला जुन्या गोव्यातली प्रत्येक इमारत निम्मी कळली.

आत गेल्यावर मुलांना पाच मिनिटं काहीही न बोलता वर बघू द्या. मग दाखवा की आत खांबांच्या रांगा नाहीत. एकच लांबरुंद दालन आहे, त्यावर कमानींच्या फासळ्या असलेलं दगडी छत. इतकं जड छत भिंतींना बाहेर ढकलत असतं. तो रेटा सोसायला धिरे लागतात. पुष्कळ ठिकाणी ते धिरे इमारतीच्या बाहेर असतात, इथे ते आत घेतले आहेत. दोन धिऱ्यांच्या मधल्या जागेत एकेक छोटं प्रार्थनास्थळ बसवलं आहे, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन. आपल्या जुन्या वाड्यांत जाड भिंतीच्या पोटात देवळी काढत, त्याची ही मोठी बहीण म्हणा. विज्ञानाचे शिक्षक बरोबर असतील तर हा भाग त्यांच्याकडे सोपवा. दोन मुलांना पाठीला पाठ लावून उभं केलं आणि तिसऱ्याला त्यांच्या खांद्यांवर भार द्यायला लावलं की रेटा म्हणजे काय ते अंगाने कळतं. हे मात्र बाहेरच्या हिरवळीवर करा.

त्या धिऱ्यांच्या अंगावर फुलांची चित्रं आहेत. मला विचाराल तर या चर्चमधली मला सगळ्यांत आवडती जागा हीच. वेल निघतो, वळतो, त्याला फूल येतं, फुलातून पुन्हा वेल निघतो. रंग आता फिके पडले आहेत. पण ती हाताची सवय बघा. मी सावंतवाडीत वाढले. लाकडी पाटावर, चौरंगावर, गंजिफाच्या पानांवर रंगाची कडी काढणारी माणसं लहानपणापासून पाहत आले. वेल काढताना मनगट कुठे थांबतं आणि कुठे झटका देतं ते मला ओळखता येतं. या भिंतींसमोर उभी राहिले की मला युरोप आठवत नाही. आमच्या चितारआळीतली दुकानं आठवतात.

हा नुसता माझ्या मनाचा खेळ नाही, याला इतिहासाचाही आधार आहे. गोव्यात १५६७ साली चर्चची मोठी धर्मसभा भरली. ख्रिस्ती लोकांनी मूर्ती, चित्रं आणि पूजेच्या वस्तू हिंदू कारागिरांकडून करवून घेऊ नयेत असा ठराव तिथे झाला. बंदी कधी घालावी लागते? काम सर्रास चाललेलं असतं तेव्हा. आणि तशी बंदी पुढेही पुन्हा पुन्हा घालावी लागली, म्हणजे काम थांबलं नव्हतं. चर्चला सुतार हवा होता, चितारी हवा होता, सोनार हवा होता, आणि ते सगळे इथलेच होते. नाव कुणाचंच राहिलं नाही. कलेच्या तासाला मी मुलांना नेहमी सांगायचे, चित्राखाली सही नसली तरी हात दिसतो. तो बघायला शिका.

आता मुख्य वेदीकडे चला. चालताना शिळांचे सांधे धरून चाला, नाहीतर कडेकडेने जा. वेदीच्या दोन्ही अंगांना भिंतीवर लाकडी फळ्यांवर रंगवलेली मोठी चित्रं आहेत. त्यांत संत फ्रान्सिसच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. आमच्या कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळींनी चित्रकथी जपली आहे. पोथीतलं एकेक पान समोर धरायचं, गाऊन गोष्ट सांगायची, पान बदलायचं. या फळ्यांचं काम तेच. वाचता न येणाऱ्या माणसाला डोळ्यांनी गोष्ट कळावी. फक्त इथे पानं भिंतीला लागलेली आहेत आणि कथेकऱ्याची जागा रिकामी आहे. ती जागा तुम्ही घ्यायची. गोष्ट ठाऊक नसेल तर मुलांना फळ्यांवर नुसती तपकिरी झग्यातली माणसं दिसतील.

गोष्ट थोडक्यात अशी. इटलीतल्या असिसी गावात एका श्रीमंत कापड व्यापाऱ्याच्या घरी, ११८१ किंवा ११८२ साली, फ्रान्सिसचा जन्म झाला. तरुणपणी मौजमजा केली, लढाईवर गेला, कैदेत पडला, आजारी पडला, आणि परतला तो पार बदलून. बापाच्या दुकानातलं कापड विकून त्याचा पैसा तो पडक्या देवळाच्या डागडुजीला देऊ लागला. बापाने त्याला बिशपसमोर उभं केलं. फ्रान्सिसने भर लोकांत अंगावरचे कपडे उतरवले, बापाच्या हवाली केले आणि उघड्या अंगाने घर सोडलं. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडल्याची गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असते. ती आठवून द्या, मग चारशे वर्षं आधीच्या इटलीतला हा पोरगा त्यांना परका वाटत नाही.

पुढे त्याने पक्ष्यांना उपदेश केला असं सांगतात. ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यातली क्रुसेडची युद्धं चालू असताना १२१९ साली तो इजिप्तमध्ये सुलतान अल् कामिलला भेटायला निःशस्त्र गेला आणि सुखरूप परत आला. नाताळच्या गोठ्याचा देखावा १२२३ साली त्याने ग्रेच्चो गावी मांडला. तिथून ती रीत जगभर फुलली आणि आपल्या मुलांनी पणजीत, म्हापशात, वेंगुर्ल्यात पाहिलेले गोठे तिथलेच वंशज. मरणाच्या दोन वर्षं आधी त्याच्या तळहातांवर, पायांवर आणि कुशीत क्रुसावरच्या येशूसारख्या जखमा उमटल्या असं त्याचे भक्त मानतात. चित्रांत हातावर लाल खूण दिसली की तो फ्रान्सिस, एवढं सांगून मुलांना मोकळं सोडा. ती आपली आपण त्याला हुडकतात आणि ओरडून एकमेकांना दाखवतात. तिथे ओरडू नये, हे आधीच सांगून ठेवा. तो १२२६ साली वारला.

मधली वेदी सोन्याच्या वर्खाने झळाळते. तिथे क्रुसावरचा येशू आणि त्याच्याजवळ फ्रान्सिस, दोघांच्या मोठ्या मूर्ती आहेत. पायाखाली तीन शब्द आहेत. दारिद्र्य, नम्रता, आज्ञापालन. या साधूंच्या कमरेच्या दोरीला तीन गाठी असतात त्या त्यांच्या तीन व्रतांच्या. एका वर्षी आठवीतल्या मुलाने मला इथेच विचारलं, "बाई, दारिद्र्याचं व्रत होतं तर एवढं सोनं कशाला?" मला तेव्हा चटकन उत्तर सुचलं नाही आणि मी त्याला तसं सांगितलं. आज मी म्हणेन, हा प्रश्न फ्रान्सिस असतानाच त्याच्या शिष्यांना पडला होता आणि तो गेल्यावर त्यावरून त्यांच्यात मोठे तंटे झाले. गोव्यात सोनं वेदीवर चढलं कारण हे चर्च एका राज्याच्या राजधानीत उभं होतं आणि देवाचं वैभव दिसलं की राज्याचंही दिसतं. पण मुलाने तो प्रश्न विचारला, मूर्तीखालचे तीन शब्द आणि भोवतालचं सोनं त्याने एका नजरेत एकत्र पाहिलं, हे मला कुठल्याही उत्तराहून मोठं वाटतं.

आता जड भाग. तो टाळू नका असं मी तुम्हाला हात जोडून सांगते.

सहलीत काही शिक्षक या चर्चबद्दल नुसतं "किती सुंदर" म्हणतात, आणि काही जण आतच येत नाहीत, बाहेर थांबतात आणि मुलांना सांगतात की आपली देवळं पाडून हे बांधलं. दोन्ही वेळा मुलांच्या हाती अर्धंच लागतं. गोवा जिंकल्यावर पोर्तुगीजांनी धर्मप्रसारासाठी तालुके वाटून दिले. सासष्टी जेझुइट या दुसऱ्या ख्रिस्ती संप्रदायाकडे गेली आणि बारदेश फ्रान्सिस्कनांकडे. सोळाव्या शतकात बारदेशातली देवळं पाडली गेली, आणि त्यात या मठाच्या साधूंचा हात होता. लोकांनी रातोरात देव उचलले आणि नदीपलीकडे, दुसऱ्या राजवटीत नेले. तुम्ही सकाळी ज्या मंगेशीला आणि शांतादुर्गेला जाऊन येता, ती दैवतंही सासष्टीतून अशीच पळवून फोंड्यात आणलेली आहेत, हे मुलांना तिथेच सांगून ठेवलंत तर दुपारी या मठात उभं राहिल्यावर सकाळचं देऊळ त्यांना नव्याने कळेल.

वेळ असेल तर चर्चमधून निघून नदीकडे, व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर जा. समोर दिवाडी बेट दिसतं, फेरी जाताना दिसते. कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटीश्वर दिवाडीवर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडलं, लिंग पलीकडे डिचोलीत नार्व्याला गेलं, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. पाठ्यपुस्तकात एक ओळ असते. धक्क्यावर उभं राहिलं की ती ओळ नदीएवढी रुंद होते.

भाषेचीही एक गोष्ट याच साधूंशी जोडलेली आहे आणि मराठीच्या शिक्षकांनी ती जरूर सांगावी. बारदेशात काम करणाऱ्या गास्पार द सांव मिगेल या फ्रान्सिस्कनाने सतराव्या शतकात कोंकणीचं व्याकरण लिहिलं. लोकांच्या भाषेत बोलल्याशिवाय लोकांपर्यंत पोचता येत नाही हे त्याला पटलं होतं. त्याच संप्रदायाच्या आग्रहावरून १६८४ साली व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होरने फर्मान काढलं की तीन वर्षांत लोकांनी कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावं. हा आल्व्होर तोच, ज्याने आदल्या वर्षी संभाजी महाराजांच्या फौजा जुवे बेटापर्यंत आल्यावर समोरच्या बॉम जीझसमध्ये धाव घेतली आणि आपला राजदंड झेवियरच्या शवपेटीपाशी ठेवला. एकाच मठाच्या परंपरेत भाषेचं व्याकरण लिहिणारा साधू होता आणि ती भाषा बंद करा म्हणणारेही होते. बाराव्या वर्षीचं मूल हे समजून घेऊ शकतं. आपण समजतो त्यापेक्षा त्यांची ताकद मोठी असते.

मुंबई-ठाण्याकडच्या शाळांनी तर घरातूनच सुरुवात करावी. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात फ्रान्सिस्कन साधू आंतोनियो द पोर्तो याने सोळाव्या शतकात शैव लेण्याचं चर्च केलं, वर आणखी एक इमारत चढवली, तिचे अवशेष आजही लेण्याच्या डोक्यावर उभे आहेत. वसईच्या किल्ल्यात याच संप्रदायाचं सेंट अँथनीचं चर्च आहे. छप्पर गेलं आहे, झाडं उगवली आहेत, पण जमिनीवर अशाच शिळा आहेत. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली आणि तिथला पोर्तुगीज अंमल संपला. जुन्या गोव्यातलं चर्च छपरासकट कसं दिसतं ते पाहिलं की वसईतल्या पडक्या भिंती डोळ्यांपुढे पुऱ्या होतात.

गोव्यातला मठ लढाईने रिकामा झाला नाही. रोगराईने शहर ओस पडलं, व्हाइसरॉय पणजीकडे गेले, आणि पोर्तुगालमधल्या राजकीय उलथापालथीनंतर १८३५ साली गोव्यातले सगळे साधूंचे मठ सरकारने बंद केले. पलीकडच्या टेकडीवर सेंट ऑगस्टीनचं प्रचंड चर्च सोडून दिल्यावर १८४२ साली त्याचं छत कोसळलं, आणि आज त्याचा एक अर्धा मनोरा तेवढा उरला आहे. फ्रान्सिस्कनांचं हे चर्च मात्र उभं राहिलं. आता इथे नित्याची उपासना होत नाही. मठात १९६४ साली संग्रहालय सुरू झालं, आणि १९८६ साली युनेस्कोने गोव्याची चर्च आणि मठ म्हणून जो समूह जागतिक वारशात घेतला, त्यात हे चर्च आणि हा मठ आहे.

संग्रहालयात शिरताना पहिला प्रचंड माणूस भेटतो तो अल्बुकर्क, ब्राँझचा. पोर्तुगीज कवी कामोइंशचाही पुतळा आहे, १९६० साली बाहेर उभारलेला आणि पुढे आत आणलेला. मुलं तिथे रेंगाळतील, रेंगाळू द्या. पण तुम्ही त्यांना वीरगळांपाशी न्या. गावाच्या देवळाबाहेर शेंदूर फासलेले वीरगळ आपण पाहिलेले असतात. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेताना, वर शिवलिंगापुढे बसलेला वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गोव्याच्या कदंबकाळातल्या काही वीरगळांवर खालच्या पट्टीत घोडे नसून जहाजं असतात. वल्ही एका रांगेत, डेकवर तिरंदाज. गामा येण्याच्या कितीतरी आधी इथली माणसं समुद्रावर लढत होती आणि मरत होती, त्यांच्या नावाने दगड उभे राहत होते, हे तो दगड दाखवतो. बाहेरच्या दारावरचे आकाशाचे गोल आणि आतल्या दगडावरचं हे जहाज, दोन्ही समुद्राचीच गोष्ट सांगतात. मुलांना दोन्ही एका कागदावर काढायला लावा.

इथे मराठी आणि फारसी शिलालेखही आहेत. पोर्तुगीज थडग्यांवरून चालत येऊन मुलांना अचानक ओळखीची अक्षरं भेटतात. माझ्या वर्गातली मुलं दरवेळी तिथे चिकटून बसायची. एक अक्षर लागलं की पुढचं अक्षर, शब्द लागला की टाळ्या.

वरच्या मजल्यावर गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची पुरुषभर उंचीची चित्रं आहेत, साठेक असतील. एका रांगेत सगळे दाढीवाले, चिलखतातले. मुलांना कंटाळा येईल असं तुम्हाला वाटेल. त्यांना फक्त दों जुआंव द कास्त्रो सापडवायला सांगा. ही चित्रं काढून घेण्याची प्रथा १५४७ साली त्याने सुरू केली. गुजरात किनाऱ्यावरच्या दीवची तटबंदी पुन्हा बांधायला पैसे नव्हते तेव्हा त्याने गोव्याच्या नगरसभेकडे तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले होते. मग मुलं दाढी बघतातच. हाच माणूस गव्हर्नर होण्याआधी घारापुरीच्या लेण्यांत गेला होता आणि तिथल्या शिल्पांचं त्याने भारावून वर्णन लिहून ठेवलं. पहिली चित्रं इतिहासकार गास्पार कोरेया याने करवून घेतली, आणि ती रंगवायला त्याच्या हाताशी एक स्थानिक चितारी होता असं कोरेयानेच नोंदवलं आहे. चिताऱ्याचं नाव लिहिलं नाही. गोव्यावर राज्य करणाऱ्या माणसांचे चेहरे इथल्याच एका माणसाने ब्रशने उभे केले, आणि आज आपण राज्यकर्त्यांची नावं वाचतो आणि त्याचा नुसता हात बघतो. चित्रकलेच्या शिक्षकांनो, या दालनात तुम्ही जरा जास्त वेळ थांबा.

थोडं व्यवहाराचं. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं, म्हणून सहलीचा वार ठरवताना ते आधी बघा. सकाळी लवकर पोचा. मात्र पश्चिमेचं दार असल्यामुळे दुपारनंतर ऊन आत येतं आणि शिळांवरची अक्षरं तिरप्या उजेडात ठसठशीत दिसतात. ज्यांना दुपार जमेल त्यांनी दुपार घ्यावी. प्रत्येक मुलाला एक साधा कागद, पुठ्ठा आणि फोर-बी पेन्सिल द्या. मोबाइल बसमध्ये राहू द्या. शिळेवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेण्याचा मोह होतो, मलाही झाला होता. तो करू देऊ नका, दगड आधीच झिजला आहे. समोर बसून डोळ्यांनी बघून काढू द्या. एका मुलाला एक शिळा, एक फूल किंवा एक जहाज, बस. अर्धवट राहिलं तरी चालेल.

आणि आत शिरण्याआधी उंबऱ्यावर क्षणभर थांबा. कुठलं मूल खाली बघतं ते बघा.

आपली,
सावंतवाडीची एक निवृत्त चित्रकला शिक्षिका